नाव दिल्लीचे, प्रवास जनुकाचा

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या नियतकालिकात कुमारसामी व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि भारतात वादळ उठले. वाद रंगला तो ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’, म्हणजेच एनडीएम-१ या नावावरून. निबंधातील खरा विषय त्यात झाकला गेला.

एनडीएम-१ हा जीवाणू नव्हे, ते एक विकर आहे. जस्ताच्या आयनांच्या मदतीने ते पेनिसिलिनपासून कार्बापेनेमपर्यंत बहुतेक बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांच्या रेणूतील चौकोनी कडे फोडते. वृत्तपत्रांनी त्यालाच ‘सुपरबग’ म्हटले आणि गोंधळ वाढवला.

निबंधाचे बळ त्यातील तुलनेत आहे. एनडीएम-१ असलेले चेन्नईचे ४४, हरियाणाचे २६ आणि ब्रिटनचे ३७ नमुने तपासले गेले. हरियाणातील क्लेब्सिएला एकाच वंशाचे निघाले. चेन्नई व ब्रिटनमधील जीवाणू मात्र निरनिराळ्या वंशांचे. या दोन ठिकाणी जनुक प्लास्मिडवर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जात होते. हरियाणातील प्लास्मिड तसे जात नव्हते. प्रतिकारशक्ती पसरण्याच्या दोन वाटा एकाच निबंधात इतक्या स्वच्छ दिसणे विरळाच.

निष्कर्षात मात्र लेखक घसरतात. ब्रिटनमधील २९ रुग्णांपैकी १७ जण आधीच्या वर्षभरात भारत वा पाकिस्तानात येऊन गेले होते. उरलेल्या १२ जणांचे काय? तरीही, खर्च वाचवण्यासाठी ब्रिटिश रुग्णांनी भारतात शस्त्रक्रिया करून घ्यावी या सूचनेवर लेखक नापसंती नोंदवतात. प्रयोगशाळेतील नमुन्यांवरून शस्त्रक्रियेचा धोका ठरत नाही.

नावाचे म्हणाल, तर ‘व्हीआयएम’ या विकराच्या नावात इटलीतील व्हेरोना शहर आहेच. पण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात सापडलेल्या ‘केपीसी’ला जीवाणूचे नाव मिळाले. तेव्हा तक्रार निराधार नव्हती; जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनीही हे नाव चूक असल्याचे मान्य केले.

परंतु रागावणाऱ्यांनीही एक गोष्ट दुर्लक्षिली. मार्च २०१० मध्येच मुंबईच्या डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आढळले. घरच्यांचा इशारा आपण ऐकला नाही, बाहेरच्यांच्या नावाने मात्र दुखावलो.

वर्गात हा निबंध घेताना मुलांना एवढेच विचारावे: पसरले कोण, जीवाणू की जनुक? हरियाणाचे उत्तर वेगळे, चेन्नईचे वेगळे. दिल्ली या नावात दोन्ही सापडत नाहीत.