गवताखालचे सागवान

हेन्री कझेन्स यांनी १८९७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. वऱ्हाडचा अभ्यासक आजही तिचे ऋण मानतो. परंतु तिची दृष्टी मुख्यतः दगडावर खिळलेली आहे. मंदिरे, मशिदी, किल्ले हे तिचे विषय. अमरावती-अकोल्याकडील गवताने शाकारलेला, सागवानी मेढींवर उभा असलेला गुरांचा कोठा हा तिचा विषय नव्हे. ही उणीव एका ग्रंथाची नाही, आपल्या इतिहासदृष्टीची आहे.

तिचे परिणामही आहेत. १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांचे अस्तित्व मागतो. मंदिर शिलालेख पुढे करते; कोठ्याने काय पुढे करावे? सेवाग्रामचे आदि निवास १९३६ चे, हे आपण निःशंकपणे सांगतो, कारण तेथे गांधीजी राहिले. ज्या छपराखाली फक्त बैल राहिले, त्याचे वय त्याच्या लाकडालाच विचारावे लागते.

गवत दर काही वर्षांनी बदलते, तुराट्यांचा कूडही बदलतो. म्हणून ‘हे सारे अलीकडचेच’ असा निर्वाळा दिला जातो. अंगरख्यावरून माणसाचे वय ठरविण्याचाच हा प्रकार होय. वय पाहायचे ते मेढी, आडे आणि वासे यांचे.

इंग्लंडमध्ये सेसिल ह्यूएट यांनी लाकडाचे सांधे वाचून जुन्या कोठारांचा काळ ठरविण्याची पद्धत मांडली. त्यांचा ग्रंथ १९६९ चा. एसेक्समधील क्रेसिंग टेंपल येथील टेंप्लर धर्मयोद्ध्यांची दोन कोठारे तेराव्या शतकातील असल्याचे पुढे खोडाच्या वर्षवलयांवरून ठरले. ही दृष्टी अनुकरणीय आहे. तिचे कोष्टक मात्र नव्हे. ओक तासणाऱ्या सुताराचे सांधे वऱ्हाडी सुताराला लावता येणार नाहीत. येथील वाकसाच्या आणि करवतीच्या खुणांचे कोष्टक येथेच तयार व्हावयास हवे.

सागाला वर्षवलये असतात, कारण कोरड्या ऋतूत त्याची वाढ थांबते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी याच वलयांतून गतकाळातील पावसाचा अभ्यास केला आहे. तथापि येथेही सावधगिरी हवी. तुलनेसाठी त्याच प्रदेशातील सागाची वलयमालिका लागते. तासताना बाहेरची वलये गेलेली असतात. शिवाय मेढ एखाद्या पडक्या वाड्यातून आणलेली असू शकते. वलय झाड केव्हा तोडले ते सांगते, कोठा केव्हा उभारला ते नव्हे. एका मेढीच्या साक्षीवर निकाल देणारा अभ्यासक उतावळा म्हटला पाहिजे. अनेक लाकडे, सांधे, घरातील कागदपत्रे आणि वडीलधाऱ्यांची आठवण यांचा मेळ बसला, तरच तारीख विश्वसनीय ठरते.

आपल्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या नोंदवहीमुळे गरिबाच्या मुलाचीही जन्मतारीख टिकते. नोंद ही केवळ थोरांची मिरास नव्हे, ही जाण आपणांस आहे. तीच कोठ्यालाही लागू करावी. लांबी-रुंदी मोजावी, आडवा छेद काढावा, प्रत्येक मेढीला क्रमांक देऊन तिच्यावरील खुणा टिपाव्यात, आणि कोणती माहिती कोणी सांगितली हेही लिहावे. पावसाळ्यापूर्वी जुने गवत उतरवतात, तेव्हा सारा सांगाडा उघडा पडतो. नोंदीसाठी याहून चांगला दिवस नाही. गवताऐवजी पत्रे आले आणि सागवान विकले गेले, की विचारायला साक्षीदारच उरणार नाही.