आदर्श गावात राहून लिहायचं काय?



हिवरे बाजारला बोलायला येणाऱ्या माणसाची एक अडचण असते. या गावाला पाहुण्यांची कमी नाही. अधिकारी येतात, कॉलेजच्या सहली येतात, लांबलांबचे अभ्यासक येतात. पाहतात, विचारतात, टिपून घेतात आणि जातात. आम्हीही पाहुणेच. फक्त आम्ही पाणलोटाची कामं पाहायला आलेलो नाही, आम्ही वह्या वाचायला आलो आहोत. आज समोर बसलेली बरीचशी मंडळी आसपासच्या गावांतून आली आहेत आणि सगळी लिहिणारी किंवा लिहू पाहणारी आहेत. तुम्ही आधी पाठवलेल्या वह्या, झेरॉक्स आणि मोबाईलवर टाइप केलेल्या कथा आम्ही वाचल्या. त्या वाचताना जे खटकलं आणि जे आवडलं, तेवढंच आज बोलायचं आहे.

पहिलं खटकलेलं सांगतो. बहुतेक वह्यांची सुरुवात एकाच वळणाची आहे. पूर्वी गाव दुष्काळी होतं, मग एक दिवस गाव जागं झालं. कुणी हिवऱ्याचं नाव घेतलं आहे, कुणी आपल्या गावाचं, कुणी काल्पनिक गाव रचलं आहे. पण चाल तीच. वाचताना आम्हाला वाटायला लागलं, की हे लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही, पाहुण्यांना सांगून सांगून तोंडात बसलेलं कागदावर उतरलं आहे.

आता गैरसमज नको. ती गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. १९७२च्या दुष्काळाने नगर जिल्ह्याचं कंबरडं मोडलं. इथली माणसं पोट भरायला बाहेर पडली होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदानाने चर खणले, बंधारे घातले, कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली, नशाबंदी आली. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत गेलं. गेलेली कुटुंबं परत आली. आजही पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावर ठरतं. उसासारखं पाणी पिणारं पीक इथे घेत नाहीत. २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. यातल्या कशाचीही थट्टा करायचं आमच्या मनात नाही.

पण यशोगाथा हा एक साहित्यप्रकार आहे आणि त्याचे नियम फार कडक आहेत. सुरुवातीला सगळं वाईट, मध्ये एक निश्चय, शेवटी समृद्धी. या साच्यात सांगणाऱ्याला जागा नसते. तो कुठे उभा होता, त्या दिवशी त्याचं काय बिनसलं होतं, त्याला हे सगळं ऐकून कंटाळा आला होता का, हे विचारायचं नाही. म्हणून अशा गोष्टी कुणीही सांगितल्या तरी सारख्याच ऐकू येतात. अहवालात ते चालतं, तिथे तेच हवं असतं. कथेत नाही चालत.

दुसरी बाजूही बघू. यात आमचाही, म्हणजे समीक्षा लिहिणाऱ्यांचाही, दोष आहे. १९७०नंतर ग्रामीण साहित्याची चळवळ जोरात आली, तिने मराठीला शेत, बोली आणि कष्ट दिले. ते ऋण मानूनच सांगतो, की पुढे आमची सवय बिघडली. गावाकडून कथा आली की आम्ही त्यात दुष्काळ शोधतो, कर्ज शोधतो, आत्महत्या शोधतो. ते सापडलं की कथा ‘अस्सल’. न सापडली तर म्हणतो, यात ग्रामीण वास्तव नाही. परिणाम असा, की आपल्या कादंबरीला पाणी आटल्यावर काय होतं ते लिहिता येतं, पाणी आल्यावर माणसाच्या मनात काय होतं ते लिहायला आम्ही कुणाला शिकवलंच नाही. परत आलेल्या माणसाला पुण्यामुंबईची आठवण येते का? ऊस लावायचा नाही असं सगळ्यांच्या देखत ठरलं, तेव्हा हात वर करताना एखाद्याचा हात जरा उशिरा वर गेला असेल का? घरात दुधाची जनावरं वाढली, पैसा आला, पण पहाटेची झोप कुणाची गेली? हे प्रश्न कोणत्याही गावाला लागू पडतात. त्यांची उत्तरं आमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे असतील.

म्हणजे आज गावात बसून लिहिणाऱ्याच्या समोर दोन तयार फॉर्म आहेत. एक सरकारला आवडणारा, एक आम्हाला आवडणारा. दोन्हींत तो स्वतः नाही.

आता आवडलेलं सांगतो. एका वहीत पुढच्या पानांवर आईच्या त्यागाची कथा होती. नीटस, शुद्ध आणि खरं सांगायचं तर मेलेली. वही मिटताना मागची पानं उघडली. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. हीच कथा दिवाळी अंकाला पाठवायच्या दिवसाचा तो हिशेब होता. चारला उठून धार काढली. दूध डेअरीवर घातलं. वडिलांना सांगितलं, पेंड आणायला नगरला जातो. चुलतभावाकडून मोटारसायकल घेतली, तिच्यात पेट्रोल नव्हतं, पेंडीच्या पैशातून टाकलं. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय आहे? याने लाजून सांगितलं, कागदपत्रं आहेत. तो म्हणाला, जमिनीची का? हा म्हणाला, हो. घरी आल्यावर पेंडीचं पोतं हलकं कसं, यावर रात्री बोलणी खाल्ली. आणि शेवटी एक ओळ, की कथा परत आली नाही, आणि छापूनही आली नाही.

मंडळी, हे वाचून आम्ही मोठ्याने हसलो आणि मग गप्प झालो. ‘जमिनीची का?’ ‘हो.’ या दोन शब्दांत त्या मुलाची सगळी अडचण आली. आपल्याकडे पाकिटात घालून जपून पाठवण्यासारखं काय असतं? सातबारा असतो, कोर्टाची नोटीस असते. कथा असते हे सांगायची त्याला लाज वाटली. आईच्या त्यागाच्या दहा पानांत जे नाही ते इथे दीड पानात आहे. पण पाठवायला त्याने निवडली ती पुढची पानं. मागची पानं त्याला लेखन वाटलीच नाहीत.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. लिहायला लागलेल्या माणसाचं लहानसहान आयुष्य, त्याची लपवाछपवी, त्याच्या फजित्या, पोस्टाच्या वाऱ्या, हे साहित्याच्या बाहेरचं नाही. बरेचदा साहित्य तिथेच पडलेलं असतं आणि आपण ते ओलांडून मोठ्या विषयाकडे जातो.

हे आम्ही हवेतून म्हणत नाही. याच जिल्ह्यातली उदाहरणं बघा.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८चा. शाळा नाही, लग्न लहानपणीच. नवरा नारायण वामन टिळक, नामवंत कवी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला. आयुष्याचा मोठा काळ दोघांचा नगरमध्ये गेला. टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. पण आज आपण त्यांना ओळखतो ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. त्याचा पहिला भाग १९३४चा.

आता त्यांची अडचण आणि तुमची अडचण शेजारी ठेवा. त्यांच्या घरातही एक ‘आदर्श’ होता. टिळकांना लोक संत मानत, कवी म्हणून डोक्यावर घेत. त्यांच्यावर लिहायचं म्हणजे आरती लिहायची, किंवा मग छळाची कहाणी लिहायची. दोन्हींना मालमसाला भरपूर होता. बाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांचे टिळक तापट आहेत, विसराळू आहेत, घरात काही शिल्लक आहे की नाही हे न पाहता देऊन टाकणारे आहेत, आणि तरीही ते मोठे आहेत. त्यांची उंची कमी होत नाही, उलट आपल्याला पटते. कारण बाई हसतात ते आधी स्वतःला हसतात. सोवळ्याओवळ्याची आपली भीती, आपलं अडाणीपण, आपला हट्ट, सगळं त्या त्याच तराजूत घालतात. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड होतं, की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. ही गोष्ट शोकांतिका म्हणूनही सांगता आली असती. बाईंनी ती सांगितली घरातल्या पोरीच्या डोळ्यांनी, जिला त्या धुण्याचा रोज ताप होत होता.

आमच्या मते आदर्शाच्या सावलीत राहून लिहायची मराठीतली ही सगळ्यात चांगली शाळा आहे. ‘उघडं पाडणं’ हाही एक साचाच आहे हे विसरू नका. यशोगाथा उलटी केली की ती साहित्य होत नाही, नुसती तक्रार होते. लक्ष्मीबाई पुतळाही उभारत नाहीत आणि पुतळ्यावर दगडही मारत नाहीत. त्या टिळकांना जेवायला वाढतात आणि बघतात.

दुसरं उदाहरण दया पवारांचं. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि मराठी आत्मकथन बदललं. त्यावर बोलताना आपण दारिद्र्याबद्दल, जातीबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण लिहिणाऱ्याने त्याची बांधणी पाहावी. तिथे दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच. एक गावचा, ज्याला दगडू म्हणून हाक मारली गेली. दुसरा लेखक, शिकलेला, नोकरीवाला, नाव झालेला. लेखक झालेल्या माणसाने मागे राहिलेल्या माणसासमोर बसायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं, ही त्या पुस्तकाची हिंमत आहे. आपल्या मुलाच्या वहीतही हे दोघे आहेत बघा. पुढच्या पानांवर लेखक, मागच्या पानांवर पेंड आणायला गेलेला. फक्त त्यांची अजून भेट झालेली नाही.

आणि ज्यांना वाटतं, की आमच्या आयुष्यात काही घडतच नाही, त्यांनी १९६३ची ‘कोसला’ पुन्हा उघडावी. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो. हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, फुकट गेलेले पैसे. भालचंद्र नेमाड्यांनी मोठी घटना येण्याची वाट पाहिली नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. ‘कथा परत आली नाही, आणि छापूनही आली नाही’ ही ओळ आम्हाला सगळ्यात जास्त लागली. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून मराठीत नवा लेखक दिवाळीकडे डोळे लावून बसतो. एक काळ ‘साभार परत’ची चिठ्ठी तरी यायची. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाशी पत्रांतून बोलत, बदल सुचवत, पुन्हा लिहायला लावत. त्यांच्या आवडीनिवडीवर पुढे लघुनियतकालिकवाल्यांनी कडाडून टीका केली, आणि त्या टीकेत तथ्य होतं. तरी वाचून उत्तर देणारं कुणीतरी होतं. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाली. आज कथा पाठवायला एक सेकंद लागतो आणि उत्तर येतच नाही. जे उत्तर येतं ते व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याचं. नकारापेक्षा हे वाईट. नकारावर रागावता येतं, रागावून पुन्हा लिहिता येतं. अंगठ्याचं काय करायचं?

म्हणून पहिला वाचक तुम्हालाच तयार करावा लागेल. नेवासं इथून फार लांब नाही. ज्ञानेश्वरी तिथे शके १२१२ मध्ये झाली, तीसुद्धा ऐकणाऱ्यांसमोर, आणि ती लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी लिहून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. तुमची बरोबरी आम्ही त्यांच्याशी करत नाही, रागावू नका. एवढंच म्हणतो, की एकट्याने कुणीच लेखक झालेलं नाही. महिन्यातून एकदा चारजण जमा. चहा ठेवा. मोबाईल बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. ‘छान आहे’ म्हणायला बंदी. कुठे कंटाळा आला तेवढंच सांगायचं. या गावात पाण्याचा हिशेब चारचौघांत वाचला जातो, कुणी त्याला लाजत नाही. तुमच्या लिहिण्याचा हिशेब चारचौघांत वाचायला काय हरकत आहे? ही तुलना आम्ही याहून ताणत नाही.

जाता जाता त्या वहीच्या मालकाला, तो इथे आहे, नाव घेत नाही, एक विनंती. पुढची पानं राहू देत, फाडू नकोस, तीही तुझीच आहेत. पण मागचं पेन्सिलीचं लिहिणं पेनने पुन्हा लिहून काढ. कुरिअरवाल्यापाशी थोडा जास्त वेळ थांब. पेंडीच्या पोत्यावरून वडील नेमकं काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, ते लिही. आणि लिहून झालं की एकदा वडिलांना वाचून दाखव. ते चिडतील. बहुतेक हसतीलही. ते कुठे हसले, त्या ओळीखाली रेघ मार आणि पुढची कथा तिथून सुरू कर.

धारेची वेळ झाली, मागे काहीजण उठायला लागलेत ते दिसतंय. इथेच थांबतो. नमस्कार.