रंगाच्या थराखाली दडलेला धडा

बाल्सा लाकडाच्या रेडिओनियंत्रित विमानाचा संच उघडला की पट्ट्या आणि फळ्यांबरोबर सहसा दोन कागद हाती येतात. एक पूर्णाकृती आराखडा, दुसरे सूचनापत्रक. शाळेच्या छंदवर्गात किंवा राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत हे कागद पाठ्यपुस्तकाचेच काम करतात. मग पाठ्यपुस्तक ज्या कसोट्यांवर आपण तपासतो त्याच कसोट्या त्यांनाही लावायला हव्यात. विद्यार्थ्याला ते काय करायला सांगतात हे तर पाहावेच, पण ते का करायचे हे सांगतात का, हेही पाहावे.

आराखड्याबद्दल आमचे मत चांगले आहे. तो टेबलावर पसरायचा, त्यावर पातळ प्लॅस्टिक अंथरायचे आणि स्पार, रिब, कडेच्या पट्ट्या रेषांवर टाचण्यांनी बसवून चिकटवायच्या. इथे चित्र हाच साचा असतो. रेषा एक मिलिमीटर चुकली तर रिब खाचेत बसत नाही, आणि ही चूक विद्यार्थ्याला लाकूडच दाखवते, शिक्षकांना सांगावी लागत नाही. भूमितीचा इतका प्रामाणिक परीक्षक वर्गात क्वचितच मिळतो.

सूचनापत्रकांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. बहुतेक पत्रके ‘३ मि.मी. बाल्सा’ एवढे सांगून थांबतात. बाल्सा हा आपल्या काटेसावरीच्या कुळातला, मध्य व दक्षिण अमेरिकेतला झपाट्याने वाढणारा वृक्ष. त्याचे बहुतेक व्यापारी लाकूड इक्वाडोर देशातून येते. त्याच्या पातळ भित्तिकांच्या पेशी वाळल्यावर मोकळ्या होतात, म्हणून ते हलके. पण सगळे बाल्सा सारखे हलके नसते. एक मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड फळीचे आकारमान ३०० घनसेंटिमीटर भरते. तिचे वजन ३० ग्रॅम असू शकते, तसेच ६० ग्रॅमही. दिसायला दोन्ही सारख्याच, पण घनता एकीची दुसरीच्या दुप्पट. स्पारला जड आणि चिवट पट्टी हवी, शेपटीला सर्वांत हलकी. शिवाय खोडातून फळी कोणत्या दिशेने कापली यावर ती सहज वाकेल की ताठ राहील हे ठरते. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक पट्टी एवढ्या साहित्यात घनतेचा संपूर्ण धडा इथे होऊ शकतो. पत्रक तो गमावते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अखेरच्या सफाईच्या भागात अस्तर, पॉलिशपेपर, रंग, पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा रंग अशी यादी असते. हेतू एकच दिसतो, तो म्हणजे चकाकी. सफाई अनावश्यक आहे असे आम्ही म्हणत नाही. उघडे बाल्सा दमट हवेत पाणी शोषते, इंजिनाचे तेल तर त्याहून लवकर. आवरणामुळे पंखाला ताठपणाही येतो. परंतु प्रत्येक थराला वजन असते आणि त्याची किंमत विमान हवेत चुकवते.

एक हिशेब पाहू. पंखांची लांबी १५० सेंटिमीटर, रुंदी २५ सेंटिमीटर आणि एकूण वजन १५०० ग्रॅम, असे शिकाऊ विमान घ्या. ते साधारण ताशी २७ किलोमीटरपेक्षा सावकाश उडू लागले की स्टॉल होते, म्हणजे पंख त्याला तोलून धरू शकत नाहीत. आता जड लाकूड, सढळ हाताने ओतलेला गोंद आणि रंगाचे थर मिळून वजन १८०० ग्रॅम झाले असे समजू. किमान वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो वेग सुमारे साडेएकोणतीस किलोमीटर होतो. अडीच किलोमीटरने काय बिघडते, असे वाटेल. पण त्या वेगाने जमिनीला टेकताना असलेली गतिज ऊर्जा वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ चा वर्ग १.४४. वजन २० टक्क्यांनी वाढले, तर चाकांना आणि पंखांना सोसावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढली!

रंग कुठे लावला हेही महत्त्वाचे. गुरुत्वमध्यापासून शेपटी ७५ सेंटिमीटर मागे आणि नाक २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवरच्या २० ग्रॅम रंगाला तोलण्यासाठी नाकात ६० ग्रॅम शिसे घालावे लागते. २० ग्रॅमच्या शोभेसाठी ८० ग्रॅमचा भार. तरफेचा हा नियम आपण शाळेत शिकवतो, पण पत्रकाच्या सफाईच्या भागात त्याचा उल्लेख सहसा नसतो.

डोप लावलेला कागद वाळताना आकसतो, प्लॅस्टिकचे आवरण इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. वरची आणि खालची बाजू सारखी ताणली गेली नाही तर पंखाला पीळ पडतो. रेडिओचे नियंत्रण हाती असल्याने हवेत हा दोष सावरून घेता येतो, आणि म्हणूनच तो लपतो. वेग कमी झाल्यावर, नेमके उतरण्याच्या वेळी, एक पंख आधी खाली पडतो. पंख चकाकतो आहे म्हणून तो सरळ आहे असे नाही. मागून डोळा लावून पाहिल्याशिवाय पीळ कळत नाही.

या सगळ्यात पत्रकांइतकाच आपलाही वाटा आहे. विज्ञान प्रदर्शनात परीक्षक रंगवलेले विमान पाहतात आणि चकाकीला गुण देतात. मग रिबमधला फटींत भरलेला गोंद आणि वाकडा स्पार रंगाखाली झाकण्याची कला विद्यार्थी आपोआप शिकतो. ज्याने हलका, सरळ, साधा सांगाडा केला त्याच्या वाट्याला दुसरा क्रमांकही येत नाही. हे अन्यायाचे आहे, आणि विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने उलटेही.

आमची सूचना साधी आहे. आवरण चढवण्यापूर्वी सांगाडा तपासावा आणि निम्मे गुण तिथेच द्यावेत. प्रत्येक विमानाबरोबर वजनाचा तक्ता असावा: सांगाडा, आवरण, रंग, बॅटरी, इंजिन किंवा मोटर, रिसीव्हर आणि सर्व्हो. रंग ठरवण्याआधी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या बाल्साच्या तुकड्यावर तो लावून, आधीचे आणि वाळल्यानंतरचे वजन घ्यावे. वर सांगितलेल्या विमानाचा एकूण पृष्ठभाग असे शंभर तुकडे सहज भरतो. तुकड्यावर एक ग्रॅम चढला तर विमानावर निदान शंभर ग्रॅम चढतील. त्यानंतर रंग कोणता आणि किती, हे विद्यार्थ्यानेच ठरवावे आणि परीक्षकांनी त्याला त्याचे कारण विचारावे.