प्रवासवर्णनातील मधला दिवस

मराठी प्रवासवर्णनाला एक जुनी खोड आहे. लेखक निघतो आणि पोहोचतो; निघणे आणि पोहोचणे यांच्यामधला दिवस मात्र एका वाक्यात उरकला जातो. रात्रीच्या गाडीने निघालो व दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो, एवढे सांगून झाले की लेखणी देवालयाकडे, राजवाड्याकडे किंवा यजमानांच्या पंगतीकडे वळते. एकट्या माणसाने गाडी सोडून बोट गाठायची, धक्क्यावर सामान सांभाळत बसायचे, पलीकडे उतरून पुन्हा वाहन शोधायचे, हा दिवस वाङ्मयाच्या कामाचा नाही असे जणू आपण ठरवून टाकले आहे. मला वाटते, प्रवासवर्णनाची खरी परीक्षा याच दिवशी होते.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वाट हाच विषय आहे. १८५७ साली वरसईहून निघालेल्या या भिक्षुकाला कोसाकोसाने माणसे, अफवा आणि भीती भेटत गेली. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली आपला हात फिरवून हे पुस्तक छापले; द. वा. पोतदारांनी मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली. दोन्ही पाठांत वाट शाबूत आहे, कारण ती पायाखालची होती. आगगाडी आल्यावर वाट खिडकीबाहेर गेली आणि हळूहळू पुस्तकातूनही गेली. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) नंतर लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रवासवर्णनाच्या मध्यभागी आले, असे समीक्षक सांगतात. ते खरेच आहे; परंतु त्या व्यक्तिमत्त्वाला तिकिटाच्या रांगेत उभे राहिलेले आपण क्वचितच पाहिले.

आपल्या टापूपुरता विचार केला तर दोन पुस्तके या नियमाला अपवाद म्हणून समोर येतात. त्यातले पहिले काकासाहेब कालेलकरांचे ‘स्मरणयात्रा’. शहापूर आणि बेळगुंदी ही त्यांच्या बालपणाची ठिकाणे. वडिलांची कारवारला बदली झाली तेव्हा हे कुटुंब आगगाडीने घाट उतरून मुरगावला गेले व तेथून आगबोटीने कारवारला. समुद्राचे पहिले दर्शन त्यांना या वाटेवर घडले. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, मुरगाव हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला होता. म्हणजे त्या मुलाच्या वेळी तो नवाच होता. आजच्या वाचकाने येथे नकाशा समोर घ्यावा. शहापूर सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडे, कॅसलरॉकच्या पुढे पोर्तुगीज अंमल, आणि बोटीतून उतरल्यावर कारवारात पुन्हा इंग्रज. एका प्रवासात तीन सत्ता! आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने हे कोणतेही साहस नव्हते. ते सासरी-माहेरी, नोकरीला, देवाला असेच जात होते.

कालेलकरांना हे सारे लिहिता आले याचे एक कारण असे की तिकीट काढण्याची चिंता त्यांच्यावर नव्हती. वडीलधारी माणसे बरोबर असलेल्या मुलाला बघायला मोकळीक असते. पुढे ‘लोकमाता’मध्ये नद्यांवर लिहिताना त्यांची भाषा अधिक समृद्ध झाली, पण नदी देवता झाली आणि तिच्या काठावरचा हमाल दिसेनासा झाला. मला त्यांचे बालपणीचे पान अधिक प्रिय आहे.

दुसरे पुस्तक धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४). येथे प्रवासी एकटा आहे. साखवाळचा हा तरुण १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे करीत सिंहलद्वीपाला पोहोचला. त्या काळी तेथे जाण्याची रूढ वाट तुतिकोरीनपर्यंत आगगाडीने व तेथून कोलंबोपर्यंत बोटीने अशी होती. धनुष्कोडी-तलैमन्नारची बोट १९१४ नंतरची. कोसंबी निसर्गाचे वर्णन करीत नाहीत. पैसे किती उरले, भाडे कोणी दिले, रात्री कोठे टेकायला मिळाले, हे मात्र ते नोंदवितात. काही वाचकांना हे रुक्ष वाटते. परंतु एकट्या माणसाचा गाडी बदलण्याचा दिवस असाच असतो: खिसा चाचपणे, विचारपूस करणे, अनोळखी माणसावर विसंबणे. कोसंबींच्या कोरड्या गद्यात घर सोडल्याची टोचणी जितकी लागते तितकी ती अलंकृत भाषेत लागली नसती. कालेलकर आणि कोसंबी दोघेही पुढे गुजरात विद्यापीठात होते. दोघांच्या लेखणीत मात्र घाटमाथ्याइतके अंतर आहे.

घाटमाथा म्हटला की कणकुंबी आलीच. येथे उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते, तर याच परिसरातला कळसा नाला म्हादईत उतरतो व मांडवीच्या नावाने पणजीवरून पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट जे पाणी ओलांडते त्यात आपल्या अंगणातला पाऊसही असतो. या पाण्याच्या वाटपावर २०१८ साली लवादाचा निवाडा झाला. त्याचे कागद भरपूर आहेत. या पाण्याच्या वाटेने घाट उतरून गेलेल्या आणि चढून आलेल्या माणसांचे कागद तेवढे नाहीत. आता चोर्ला घाटाने गाडी सरळ गोव्यात उतरते, त्यामुळे लोंढ्याला गाडी बदलून, बंदरावर उतरून, खाडी ओलांडून पणजी गाठण्याची सवयच मोडली.

आपल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त उघडून पाहावेत. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, वतन यांचा तपशील असतो. आणि मग ‘गोव्यातून बेळगाव प्रांती स्थलांतर केले’ एवढे एक वाक्य. कोणत्या ऋतूत, कोणत्या घाटाने, देवाची पेटी कोणी डोक्यावर घेतली, नदी कोणत्या तरीने ओलांडली, याबद्दल चकार शब्द नाही. वंशावळ जपण्यात आपण जी दक्षता दाखविली तिचा दशांशही या दिवसाला मिळाला नाही. संपादकांनी वंशवृक्षाची चार पाने कमी करून आजीने सांगितलेला एक प्रवास छापला असता तरी चालले असते.

ही उणीव सर्वात जास्त जाणवते ती १९५५ नंतरच्या काळात. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारत व गोवा यांच्यातली रेल्वे वाहतूक थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉकच्या पलीकडची वाट सामान्य प्रवाशाला बंद होती. सत्याग्रहींच्या आठवणी आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. परंतु लेक पलीकडे दिलेली, आई अलीकडे आजारी, अशा घरातल्या माणसाने त्या सहा वर्षांत काय केले, तो कोठून कसा गेला, की गेलाच नाही, याचे सरळ कोसंबींच्या पद्धतीचे वर्णन माझ्या वाचनात आलेले नाही. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांतली काही या पत्रिकेची वाचक आहेत.