सुरुवातीला कमांड लाइन होती, पण ती कुणाच्या लिपीत?



संगणकाविषयीच्या लेखनाची समीक्षा करायची म्हटलं, की लोकांना वाटतं, त्यात समीक्षा कसली? नवा फोन आला, कॅमेरा कसा आहे ते सांगा आणि विषय संपवा. (हशा) आज मी तसं करणार नाही. आपण एखाद्या कादंबरीबद्दल बोलतो तसं एका निबंधाबद्दल बोलणार आहे. तो मला फार आवडतो, आणि त्याच्याशी माझं एक जुनं भांडणही आहे.

निबंधाचं नाव ‘इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन’. लेखक नील स्टीफन्सन, ‘स्नो क्रॅश’ आणि ‘क्रिप्टोनॉमिकॉन’ या कादंबऱ्या लिहिणारा. १९९९ साली हा निबंध आधी इंटरनेटवर आला आणि मग छोट्या पुस्तकाच्या रूपात निघाला. नावामागे बायबल आहे. योहानाच्या शुभवर्तमानात सुरुवातीला ‘शब्द’ असतो, इथे कमांड लाइन आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. तुम्ही हुकूम टाइप करायचा, यंत्राने तो पाळायचा.

निबंधातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे गाड्यांचा दृष्टान्त. एका चौकात चार ठिकाणी गाड्या मिळतायत अशी कल्पना करा. एक दुकान मायक्रोसॉफ्टचं. तिथली गाडी बोजड, पण गर्दी तिथेच. दुसरं ॲपलचं. गाडी देखणी, पण आतली यंत्रणा सीलबंद. तिसरं ‘बी’ नावाच्या कंपनीचं, त्यांची गाडी म्हणजे थेट बॅटमॅनची. आणि चौथं दुकानच नाही. माळावर तंबू ठोकून काही मंडळी बसलीयत आणि रणगाडे बनवतायत. कधी न बिघडणारे रणगाडे, किल्ली आतच लावलेली, हवा तो घेऊन जा, फुकट. हे लिनक्स. आणि गिऱ्हाईक रणगाड्याकडे ढुंकूनही न बघता बोजड गाडी घ्यायला जातं.

हा दृष्टान्त वाचून आपण हसतो, आणि हसता हसता एक गोष्ट नकळत मान्य करून टाकतो: की जग दोन जातींच्या माणसांचं आहे. बॉनेट उघडणारे आणि न उघडणारे. स्टीफन्सन पुढे हे उघड म्हणतोच. एच. जी. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मधले इलॉय आणि मॉरलॉक तो मदतीला घेतो. मॉरलॉक जमिनीखाली यंत्रं चालवतात, इलॉय वर मजेत असतात. आपण यंत्रवाले म्हणजे मॉरलॉक. वाचणाऱ्या प्रत्येक संगणकवेड्याला ही ओळ गुदगुल्या करते. मलाही केल्या होत्या. इंटरनेटवर नवख्या माणसाने साधा प्रश्न विचारला की ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून त्याच्या अंगावर जायची जी रीत होती, तिला या ओळीने एक तात्त्विक बैठकच दिली.

आता निबंधाचा गाभा. स्टीफन्सनला विंडोज वाईट आणि लिनक्स चांगलं एवढंच म्हणायचं नाहीय. त्याचं म्हणणं असं, की पडद्यावरची चित्रं, म्हणजे फोल्डर, कचऱ्याची टोपली, कागदाच्या आकाराची फाइल, ही सगळी रूपकं आहेत. ती तुमच्या आणि यंत्राच्या मध्ये उभी राहतात. यासाठी तो वाचकाला डिस्ने वर्ल्डमध्ये नेतो. तिथे एक माणूस समोरचं दृश्य सोडून आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत उभा आहे. आधीच सगळं नकली, त्याचीही पडद्यावरची नक्कल. तिथेच एक भारतीय अवशेषही आहे. पडक्या भिंती, शतकानुशतकं पावसाचे ओघळ येऊन गेल्यासारखे दगड. ते ओघळसुद्धा कारागिरांनी काढलेले. आपल्याला इथे थोडं थबकायला होतं, कारण खरे ओघळ कसे दिसतात ते आपल्याला माहीत आहे. पण मुद्दा पटतो. सोय हवी म्हणून आपण रूप स्वीकारतो, आणि रूपाखाली काय आहे ते विचारायचं सोडून देतो.

हा नुसता वैचारिक खेळ नव्हता. त्याच्या मागे एक जखम आहे. १९९५च्या सुमारास मॅकवरची त्याची एक मोठी, महत्त्वाची फाइल कायमची गेली. लेखकाचं लिखाण गेलं. त्यानंतर तो लिनक्सकडे आणि साध्या मजकुराच्या फायलींकडे वळला. साधा मजकूर कुठेही उघडतो, त्याला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही, हा त्याचा विश्वास. निबंधाची सगळी इमारत या विश्वासावर उभी आहे.

मग काळाने निकाल काय दिला? ‘बी’ कंपनी २००१ साली पामने विकत घेतली, बॅटमॅनची गाडी गेली. रणगाडा मात्र जिंकला. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेक खिशांत रणगाडा आहे. (हशा) २०१६ साली तर मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या विंडोजमध्ये लिनक्सची सोय दिली. पण तुमच्या खिशातल्या रणगाड्याची किल्ली तुमच्याकडे आहे का? बॉनेट उघडता येतं का? बहुतेक वेळा नाही. फुकट रणगाड्यावर सीलबंद देखण्या गाडीचा साचा बसवला गेला. स्टीफन्सनला वाटलं होतं की दोन दुकानांत चुरस आहे. प्रत्यक्षात एका दुकानाने दुसऱ्याचं इंजिन घेतलं. आणि गंमत म्हणजे तो स्वतःही नंतर ॲपलच्या ओएस टेनकडे गेला, आणि आपला निबंध कालबाह्य झाल्याचंही त्याने मान्य केलं. ओएस टेनमध्ये वर देखणी चित्रं आणि खाली युनिक्स. दोन्ही मिळालं, भांडण संपलं.

त्याचं संपलं. माझं तिथे सुरू होतं. निबंध कालबाह्य झाला तो गाड्यांची मॉडेलं जुनी झाली म्हणून, असं मला वाटत नाही. त्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेली होती. ‘साधा मजकूर’ हा सगळ्यांसाठी साधा असतो, हे ते गृहीत.

त्या काळ्या पडद्यावरचा शब्द कुठल्या लिपीत होता? आस्की नावाच्या संकेतात. १९६३ची ही पद्धत, सात बिटांची, एकूण १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही नियंत्रणाच्या खुणा. ‘क’ला जागा नाही, काना-मात्रेला नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मजकूर साधा वाटतो, कारण त्याच्या भाषेची सोय पायातच करून ठेवलेली आहे.

मग मराठीत आपण काय केलं? आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांनी त्यांच्या आठवणी लिहिल्या होत्या. १९९७ साली त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. प्रिंट सुंदर आली, घरात चार प्रती फिरल्या. फ्लॉपीवरची फाइल मी नंतर सीडीवर उतरवली आणि निर्धास्त झालो. २००९ साली आजोबा गेल्यावर ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, टक्के आणि कंस. एकही मराठी शब्द नाही. त्या चार प्रतींपैकी एक हाताशी होती, तीही अर्धी.

झालं होतं ते असं. त्या वेळच्या बहुतेक मराठी फॉन्टांत फाइलमध्ये मराठी नसायचीच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. फाइलमध्ये अमुक इंग्रजी अक्षर, फॉन्ट ते ‘क’सारखं काढून दाखवणार. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची चावी दुसऱ्याला चालत नाही.

मी दोन महिने बसून त्या मांडणीचा तक्ता बनवला. हातातल्या अर्ध्या प्रतीवरून एकेक खूण ओळखत गेलो. आकार ओळखून काम भागत नव्हतं. ‘ग’ हा अर्धा ‘ग’ आणि काना असा दोन तुकड्यांत होता. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, कारण ती दिसते आधी. उच्चारात मात्र ती नंतर येते. रफार अक्षराच्या नंतर साठवलेला, तो उच्चारात आधी. म्हणजे फाइलमध्ये भाषा नव्हतीच, भाषेचं चित्र होतं, तुकड्यातुकड्यांनी रचलेलं. आणि एका जागी लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांना बोलावलं’. माझ्या तक्त्याने त्याचं केलं ‘आचार्यांना बोलावलं’. लग्नाच्या पंगतीचा प्रसंग होता, स्वयंपाक करणाऱ्यांना बोलावलं होतं, आणि माझ्या चुकीने तिथे गुरुवर्य आले. (हशा) ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला हा फरक हिंदीवाल्याला लागत नाही. आपल्याला लागतो.

हे काम मी कशावर केलं? कमांड लाइनवरच. स्टीफन्सनच्या रणगाड्यावर. त्याचं श्रेय मी नाकारणार नाही. हजारो ओळींत एका हुकुमाने बदल करायचा, तर दुसरं हत्यार नाही. पण त्याच काळ्या पडद्यावर दुरुस्त झालेली मराठी धड वाचता येत नव्हती. तो पडदा सारख्या मापाच्या चौकोनांचा. प्रत्येक खुणेला एक चौकोन. आपली जोडाक्षरं, वेलांट्या त्या चौकोनांत मावत नाहीत, तुटून वेगळ्या पडतात. हत्याराला बाइट कळत होते, अक्षर कळत नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, निबंधाचा युक्तिवाद मराठीत एकाच वेळी जास्त खरा आहे आणि अपुरा आहे. जास्त खरा, कारण रूपाखाली काय आहे ते न विचारल्याची किंमत आम्ही त्याच्याहून जास्त मोजली. त्याची एक फाइल गेली. आपल्याकडे त्या काळात टाइप झालेले किती दिवाळी अंक, किती संस्थांची इतिवृत्तं, किती आजोबा तशाच फायलींत पडून असतील. अपुरा, कारण त्याने सुचवलेला उपाय, खाली उतरा आणि शब्दाला हात घाला, आम्हाला पुरेसा नव्हता. खाली उतरलो तर तिथे आमचा शब्दच नव्हता.

मग तो आला कुठून? इलॉयकडून नाही आणि मॉरलॉककडून तर एकट्याने नाहीच. तो आला मानकांच्या कंटाळवाण्या कामातून. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या मसुद्यावरून घेतलेली होती. गंमत बघा, त्या देवनागरी गटातही जागा १२८च. सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्प्सनने रॉब पाइकसोबत जेवताना न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची रचना मांडली. जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चालेल आणि बाकीच्या लिप्याही त्यात मावतील, अशी ती युक्ती. आपल्या एकेका खुणेला त्यात तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. विंडोज २०००मध्ये मराठीची सोय आली. आज फोनवर मराठी टाइप होते ती या सगळ्यावर उभी आहे. यातलं काहीही निबंधात नाही. गाड्यांच्या दृष्टान्तात रस्त्याला जागा नाही, आणि आपलं अडलं होतं ते रस्त्यावाचून.

शेवटचा मुद्दा, आजचा. आपल्याला वाटतं, हा प्रश्न सुटला. तुमच्या सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात आज सकाळी काय आलं ते बघा. सूचना आली, ती चित्र म्हणून. लग्नपत्रिका, चित्र म्हणून. कुणी चांगलं लिहिलेलं पाठवलं, त्याचा स्क्रीनशॉट, आणि त्यावर रंगीत फुलं. दिसतं मराठी, पण खाली शब्द नाही. शोधता येत नाही, पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनावर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन माणसाला त्यातलं काही ऐकू येत नाही. १९९७ साली लिपीची सोयच नव्हती म्हणून आपण भाषेचं चित्र साठवलं. आज सोय असून तेच करतोय. डिस्नेतल्या त्या कॅमेरावाल्याला हसण्याआधी हे आठवावं.

तेव्हा स्टीफन्सन वाचा. दृष्टान्तावर हसा, मॉरलॉकची शेखी तेवढी सोडून द्या. आणि घरी गेल्यावर एक करा. घरातल्या जुन्या सीड्या, पेन ड्राइव्ह काढा. त्यातली मराठी फाइल उघडा, एक शब्द शोधून बघा. सापडला तर ठीक. नाही सापडला, तर ज्याने ते लिहिलंय किंवा ज्याच्याकडे त्याची छापील प्रत आहे, तो माणूस असेपर्यंत कामाला लागा. मला अर्धी प्रत मिळाली होती. उरलेल्या भागातल्या सात-आठ शब्दांपाशी आजोबांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला अजून माहीत नाही.