रसायनशास्त्राचें पहिलें पुस्तक

कॉलेजांत शास्त्रशाखेकडे गेलेल्या विद्यार्थ्याच्या हातीं सामान्य रसायनशास्त्राचें जें जाडजूड पुस्तक पडतें, तें घरच्या वडील मंडळींनीं एकदां उघडून पाहावें. बहुधा पहिल्या दोनतीन प्रकरणांतच अणूचें अंतरंग, इलेक्ट्रॉनांच्या कक्षा आणि त्यांचे क्रमांक यांची दाटी झालेली दिसेल. तें सारें खरें आहे. पण खरें कशावरून, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडावा अशी सोय पुस्तकांत क्वचितच आढळते. मुलगा पाठ करतो, परीक्षेंत उतरवितो आणि गुण मिळवितो. अशा वेळीं, ज्या ग्रंथानें अर्वाचीन रसायनाच्या अध्यापनाचा ओनामा घातला, त्याकडे पुनः वळून पाहणें आम्हांस उपयुक्त वाटतें.

हा ग्रंथ म्हणजे आंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरील प्राथमिक ग्रंथ. तो १७८९ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट केर यानें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर एडिंबरो येथें निघालें. प्रस्तावनेंत ग्रंथकार सांगतो कीं, आपण बसलों होतों परिभाषेविषयीं लिहावयास; परंतु शास्त्र सुधारल्यावांचून त्याची भाषा सुधारत नाहीं, असें दिसून आलें व लिहितां लिहितां हा ग्रंथ तयार झाला. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावयाचें आणि प्रयोगांतून सरळ न निघणारा कोणताही निष्कर्ष काढावयाचा नाहीं, हा नियम त्यानें स्वतःस घालून घेतला आहे.

या नियमाचें मूर्त स्वरूप पाऱ्यावरील प्रयोगाच्या प्रकरणांत दिसतें. लांब मानेच्या कुपींत ४ औंस पारा घेऊन तो सुमारें ५० घन इंच हवेच्या सान्निध्यांत १२ दिवस तापविला. पृष्ठभागावर तांबडें भस्म जमलें. हवा आटून ४२-४३ घन इंच राहिली, व तींत मेणबत्ती विझूं लागली. तें ४५ ग्रेन भस्म अधिक तापवितांच ४१॥ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७-८ घन इंच वायु बाहेर पडला. त्यांत मेणबत्ती डोळे दिपतील अशा तेजानें जळली. हे दोन वायु पुनः एकत्र करतांच साधी हवा तयार झाली. येथें ग्रंथकार वाद घालीत नाहीं. तराजू वाचकाच्या हातीं देऊन स्वतः बाजूस उभा राहतो. क्रियेपूर्वीं जितकें द्रव्य तितकेंच क्रियेनंतर, हें महत्त्वाचें तत्त्वही तो द्राक्षरस आंबण्याच्या प्रकरणांत, गरज पडली तेव्हां, सांगतो.

परंतु आम्हांस येथें केवळ स्तोत्र गावयाचें नाहीं. ग्रंथाचा दुसरा भाग क्षारांच्या कोष्टकांनीं रूक्ष झाला आहे. प्राणवायूच्या शोधाचें श्रेय प्रीस्टले, शील व आपण अशा तिघांत वांटून घेतांना ग्रंथकाराचा हात थोडा सैल सुटला आहे. कारण १७७४ च्या ऑगस्टांत प्रीस्टलेनें हा वायु मिळविला होता, व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें भोजनप्रसंगीं ती हकीकत लाव्हाझिएला सांगितली होती.

याहून मोठा दोष असा कीं, स्वतःचा नियम त्यानें स्वतःच मोडला. प्रत्येक आम्लांत प्राणवायु असलाच पाहिजे, असें त्यानें गृहीत धरलें. मिठापासून निघणाऱ्या आम्लांतून तो वायु कोणींही काढून दाखविला नव्हता; तरी त्या आम्लाचें अज्ञात मूलक ३३ सरल द्रव्यांच्या यादींत बसविण्यांत आलें. पुढें १८१० सालीं डेव्हीनें क्लोरीन हेंच मूलद्रव्य असल्याचें प्रतिपादन केलें आणि ही कल्पना ढांसळली. त्याच यादीच्या आरंभीं प्रकाश व उष्णता हींही द्रव्यें म्हणून विराजमान आहेत. जेथें प्रयोग मुका होता आणि ग्रंथकार बोलत राहिला, तेथेंच तो चुकला.

ही चूक नांवांत अद्याप जिवंत आहे. ऑक्सिजन या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. जर्मनांनीं त्याच अर्थाचा शब्द केला, बंगाली लेखकांनीं 'अम्लजान' म्हटलें. मराठींत रूढ झालेला 'प्राणवायु' हा शब्द श्वसनावरून आल्यामुळें या दोषापासून सुटला, याचें आम्हांस समाधान वाटतें.

दोनशें वर्षांचें ज्ञान एका वर्षांत द्यावयाचें तर प्रत्येक गोष्ट प्रयोगानें सिद्ध करीत बसणें अशक्य, हा अध्यापकांचा आक्षेप रास्त आहे. आमचें मागणें तेवढें मोठें नाहीं. वर्षभरांत निदान एक निष्कर्ष तरी विद्यार्थ्यानें आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः चालून गांठावा. पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून तो प्रयोग वर्गांत नको. पण तांब्याची पूड हवेंत तापविली असतां काळी पडते व तिचें वजन वाढतें, हें साध्या तराजूवरही दिसतें. तें वाढलेलें वजन कोठून आलें, हें विद्यार्थ्याला आधीं सांगूं नये. त्यानंतर लाव्हाझिएची आम्लांविषयींची चूकही त्याला शिकवावी. एवढ्या मोठ्या पुरुषाला जो नियम मोडणें भोंवलें, तो नियम ज्याच्या अंगीं बाणला, त्यानें कक्षांचे क्रमांक पुढें पाठ केले तरी आमची तक्रार नाहीं.