नक्षत्रांकडून रस्त्याकडे

ज्या गायनप्रकाराचा परामर्श आम्ही येथे घेऊ इच्छितो, त्याचे ‘पोस्ट-हार्डकोर’ हे नाव ऐकूनच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. बदलीच्या गावी, सरकारी घराच्या शेजारच्या खोलीत, कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांनी हे संगीत लावले की ‘आवाज कमी कर’ एवढे म्हणून आपण आपले मत देऊन झाले असे समजतो. आमचेही बरेच दिवस असेच चालले होते. परंतु आरडाओरडा आणि आक्रोश ह्यांत भेद आहे. आणि तो भेद ओळखणे हे टीकाकाराचे पहिले काम होय. अमेरिकेतील ‘ला डिस्प्यूट’ ह्या तरुण वृंदाचा ‘वाइल्डलाइफ’ हा दुसरा संग्रह 2011 साली प्रसिद्ध झाला. तो लक्षपूर्वक ऐकल्यावर आम्हांस जे वाटले, ते येथे नमूद करीत आहोत.

प्रथम ह्या प्रकाराविषयी दोन शब्द. 1980 च्या सुमारास वॉशिंग्टन व इतर अमेरिकन शहरांतील तरुणांनी पंक संगीताला अधिक द्रुत व अधिक कठोर रूप दिले. एकदोन मिनिटांत आटोपणारी गाणी, अविरत ताशासारखे ढोल आणि गळा फाडून म्हटलेले शब्द, असे त्याचे स्वरूप होते. त्यालाच ‘हार्डकोर’ म्हणतात. पुढे 1987 मध्ये वॉशिंग्टनमध्येच स्थापन झालेल्या ‘फुगाझी’सारख्या वृंदांनी ह्या त्वेषाला विरामाची, लयीच्या चढउतारांची आणि चिंतनाची जोड दिली. त्वेष राहिला, पण तो आंधळा राहिला नाही. ह्या नव्या शाखेस ‘पोस्ट-हार्डकोर’ हे नाव पडले. तिच्यातील तरुणांपुढे एक धोका मात्र सदैव उभा असतो. ओरडणारा माणूस बहुधा स्वतःविषयीच ओरडत असतो; आणि स्वतःचे दुःख कितीही खरे असले, तरी तेच ते ऐकून श्रोता शेवटी कंटाळतो.

‘ला डिस्प्यूट’चा पहिला मोठा संग्रह 2008 सालचा. त्याच्या लांबलचक नावात दोन तारे आहेत, ते आपल्या परिचयाचे आहेत: एक अभिजित, दुसरा श्रवण. आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेल्या गुराख्याची आणि विणकर कन्येची चीन-जपानमधील लोककथा ह्या ताऱ्यांशी जोडलेली आहे. वर्षातून एकदाच त्यांची भेट होते. विशीतल्या गायकाला, जॉर्डन ड्रायरला, आपल्या विरहगीतांसाठी हे रूपक सापडले, ह्यात नवल नाही. त्या संग्रहात सामर्थ्य निःसंशय आहे. परंतु तेथे प्रत्येक ओळ शेवटच्या ओळीइतकीच तार स्वरात येते, प्रत्येक उपमेस दुसरी उपमा चिकटते, आणि कवीच्या हृदयाखेरीज जगात दुसरे काही उरलेलेच नाही असा भास होतो. पहिल्या संग्रहात हे क्षम्य असते. प्रश्न दुसऱ्याचा असतो.

दुसऱ्या संग्रहात ह्या मंडळींनी नक्षत्रांवरची दृष्टी काढून आपल्या गावाच्या रस्त्यावर आणली. ते गाव मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स. लाकडी सामानाच्या कारखान्यांमुळे त्यास एके काळी ‘फर्निचर सिटी’ असे नाव होते. 2000 ते 2010 ह्या दशकात अमेरिकेतील ज्या एकमेव राज्याची लोकसंख्या घटली, ते मिशिगनच. संग्रहातील एका गीताच्या नावात राज्याला ‘गरीब’ हे विशेषण लागले आहे, ते उगीच नव्हे. संग्रहात एकंदर चौदा रचना आहेत. ओसाड पडलेल्या एका चर्चचे गीत आहे. कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहान मुलाच्या आजाराची टिपणे विद्यार्थ्यांना वाचून दाखविणाऱ्या शिक्षिकेचे गीत आहे. मनोविकाराने ग्रासलेल्या मुलाने ज्याच्यावर वार केले त्या वृद्ध पित्याचे गीत आहे, आणि वारांचा आकडा, 27, त्याच्या शीर्षकातच आहे. ह्यांच्या अधूनमधून चार स्वगते येतात. त्यांत ह्या कथा जमविणारा लेखक स्वतःशी बोलतो. एवंच, हा संग्रह म्हणजे एका गावाचा कथासंग्रह आहे.

ह्या सर्वांत ‘किंग पार्क’ हे गीत आम्हांस श्रेष्ठ वाटते. ते जवळजवळ सात मिनिटांचे आहे. धावत्या मोटारीतून झाडलेल्या गोळीने भलताच एक मुलगा मरतो. मारणाराही विशीच्या आतबाहेरचाच आहे. निवेदक अदृश्य होऊन त्या दिवसात मागे जातो, रस्त्यावर थांबतो, शेजाऱ्यांची कुजबुज ऐकतो. नंतर तो मारेकऱ्याच्या मागोमाग एका हॉटेलात येतो. तेथे बाहेर पोलीस आहेत, आत तो तरुण आहे, आणि त्याला समजाविण्यासाठी त्याच्या काकाला आणले आहे. आपल्यासारख्या पाप्याला देवाघरी क्षमा मिळेल काय, ह्या अर्थाचा प्रश्न तो तरुण विचारतो. तेथे गायकाचा कंठ प्रथमच पूर्ण फुटतो. आणि त्यानंतर निवेदक काय करतो? शेवट जाणून न घेता तो तेथून निघून जातो.

गीताच्या रचनेकडे लक्ष दिल्यास ह्या वृंदाची झालेली वाढ कानाला कळते. आरंभी सतारीच्या छेडीइतकी हलकी गिटार आणि जवळजवळ बोलका आवाज. मग ढोलाचा ठेका हळूहळू जमतो. आवाज चढतो, पुन्हा खाली येतो. आणि त्वेष राखून ठेवला जातो तो त्या एका प्रश्नासाठी. आपल्या शाहिराला ही विद्या ठाऊक आहे. डफावर एकसारखी थाप मारून पोवाडा रंगत नाही. प्रसंग जवळ येईपर्यंत थाप आवरावी लागते. पहिल्या संग्रहात ह्या तरुणांपाशी केवळ थाप होती, दुसऱ्यात आवर आला. पुष्कळांना प्रौढपणा म्हणजे मृदू होणे वाटते. येथे आवाज मृदू झालेला नाही. तो कोणासाठी चढवावयाचा, हे त्यास कळले आहे.

परंतु ह्या संग्रहाचे महत्त्व आमच्या मते ह्याहून खोल आहे. दुसऱ्याच्या दुःखावर गीत रचण्याचा आपणांस अधिकार काय, हा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो. आमच्या वाचकांस हा प्रश्न परका नाही. आपणांपैकी कित्येकांनी पंचनामे वाचले आहेत, अपघातांचे अहवाल लिहिले आहेत, कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल तीन परिच्छेदांत लावून खाली सही केली आहे. तेथे ताटस्थ्य हा धर्म असतो, आणि तो असावाही. पण फाइल मिटल्यावर त्या माणसाचे काय करावयाचे, हे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते. 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर ह्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. परक्या भूमिकेशी एकरूप व्हावे, तथापि आपण आपण आहोत ही जाण सुटू नये, असा तिचा आशय. ‘किंग पार्क’चा निवेदक हॉटेलातल्या त्या दारापर्यंत जातो, ही समाधी, आणि शेवटाआधी मागे फिरतो, हा विकल्प. अखेरचा क्षणही आपल्या गीताच्या उपयोगी पाडून घ्यावा, हा मोह त्याने टाळला आहे. आमच्या दृष्टीने त्याच्या प्रौढपणाची खरी खूण हीच.

ह्याचा अर्थ संग्रह निर्दोष आहे असा नव्हे. चार स्वगतांपैकी निदान दोन नसती तरी चालले असते. जे गीताने सांगितले, ते स्वगत पुन्हा समजावून सांगते, आणि श्रोत्यावरचा विश्वास उणा पडल्यासारखे वाटते. शिवाय जुना विरह येथेही पाठ सोडत नाही. अखेरच्या गीतात कवी सर्व कथा गुंडाळून पुन्हा आपल्या हरवलेल्या प्रेमापाशी येतो. पुत्र गमावलेली माता आणि प्रेयसी गमावलेला तरुण एकाच ओळीत बसविणे आम्हांस रुचले नाही. त्या तरुणाचे दुःख खोटे नाही. परंतु अशा शेजारात ते लहान दिसते. मात्र कवीस स्वतःसही हा संकोच जाणवत असावा, असे त्या स्वगतांवरून वाटते; आणि संकोच वाटणे हीदेखील प्रगतीच होय. 2014 सालचा ‘रूम्स ऑफ द हाउस’ हा पुढील संग्रह ऐकला असता ती प्रगती थांबली नाही, हे दिसते. तेथे एका घरातील साध्या वस्तूंतून संसाराची कथा उलगडते, आणि कवी पुष्कळ मागे सरतो.

असो. ज्यांना हे संगीत ऐकून पाहावयाचे असेल, त्यांनी आरंभ ‘किंग पार्क’पासून करावा, शब्द समोर ठेवावेत, कारण प्रथम ते कानाला सापडणार नाहीत. एकदा ऐकून आवडले नाही, तर आमचा आग्रह नाही. परंतु पुढच्या वेळी शेजारच्या खोलीतून असा आवाज आला, तर तो कमी करावयास सांगण्यापूर्वी चिरंजीवांना एवढे अवश्य विचारावे, की हा मुलगा कोणासाठी ओरडतो आहे? उत्तर ‘स्वतःसाठी’ असे आले, तर आवाज कमी करावयास सांगण्यास हरकत नाही. दुसरे काही आले, तर क्षणभर खुर्ची ओढून बसावे.